नरेंद्र करमरकर आणि त्यांचा अल्गोरिदम : शोध, स्वामित्व आणि प्रसार

प्रस्तावना

संगणकशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला जातो तेव्हा तो बहुधा यंत्रांचा इतिहास असतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेला 'टिफ्रॅक', नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचे (आजचे व्हीएनआयटी) माजी विद्यार्थी विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात १९९१ मध्ये उभा राहिलेला 'परम ८०००', यांविषयी आपल्याकडे बरेच लेखन झाले आहे. या यंत्रांनी काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे हे सांगणाऱ्या रीतीला अल्गोरिदम म्हणतात. तिच्या इतिहासाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. यंत्राचे छायाचित्र छापता येते, रीतीचे छापता येत नाही, हेही त्याचे एक कारण असावे.

या उपेक्षेला एक अपवाद आहे. नरेंद्र कृष्ण करमरकर यांचे नाव मराठी वाचकाला ठाऊक असते. 'अमेरिकन वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर झळकलेला मराठी गणिती' एवढी त्यांची ओळख स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांपर्यंत पोहोचली आहे. त्यांनी नेमके काय केले, त्यावरून कोणता वाद पेटला आणि त्या वादाचे पुढे काय झाले, हे मात्र या ओळखीत येत नाही. प्रस्तुत लेखात त्यांच्या कारकिर्दीचा आढावा घेताना या दुसऱ्या भागावर अधिक भर दिला आहे. करमरकरांच्या कामाचा जो भाग प्रसिद्ध झाला तो जगभर वाढला आणि जो भाग स्वामित्वाच्या कुंपणात ठेवला गेला तो तिथेच सुकला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याचा आधार पुढील विवेचनात येईल.

शिक्षण आणि बर्कलेची वर्षे

करमरकरांचा जन्म ग्वाल्हेरचा. शिंदे सरकारच्या काळापासून तेथे स्थायिक झालेल्या मराठी समाजाला विद्याव्यासंगाची मोठी परंपरा आहे. त्यांचे बालपण पुण्यात गेले आणि घरातच गणिताचे वातावरण होते. १९७८ मध्ये त्यांनी मुंबईच्या आयआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची बी.टेक. पदवी घेतली, पुढच्याच वर्षी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून एम.एस. केले आणि १९८३ मध्ये बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून संगणकशास्त्रात पीएच.डी. मिळवली. मार्गदर्शक होते रिचर्ड कार्प.

कार्प यांचे नाव येथे केवळ औपचारिक नाही. १९७२ मध्ये त्यांनी एकवीस प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली होती. यांपैकी एका प्रश्नासाठी जलद रीत सापडली तर सर्वांसाठी सापडेल, असे त्यांनी सिद्ध केले. अशी रीत आजतागायत कोणालाही सापडलेली नाही. एखादा प्रश्न अचूक सोडवणे अवघड असेल, तर तो जवळपास अचूक आणि झटपट कसा सोडवता येईल, हा त्या काळी बर्कलेत विचारला जाणारा प्रश्न होता. करमरकरांची घडण या प्रश्नावर झाली.

१९८२ मध्ये गुरुशिष्यांनी मिळून केलेली दोन कामे आजही पाठ्यपुस्तकांत आहेत. त्यांपैकी एक वर्गात फळ्यावर सांगता येण्याइतके सोपे आहे. काही ओझी दोन मालमोटारींत अशी विभागायची आहेत की दोन्हींतील वजनाचा फरक कमीत कमी राहावा. समजा ओझी ८, ७, ६, ५ आणि ४ क्विंटलची आहेत. आपण सहसा सर्वांत जड ओझे आधी उचलतो आणि पुढचे प्रत्येक ओझे हलक्या गाडीत टाकत जातो. तसे केल्यास एका गाडीत १७ आणि दुसरीत १३ क्विंटल होतात, म्हणजे फरक ४ राहतो. करमरकर-कार्प रीतीत सर्वांत मोठ्या दोन संख्या घेऊन त्यांच्या जागी त्यांची वजाबाकी ठेवायची असते. ८ आणि ७ वेगवेगळ्या गाड्यांत जाणार एवढेच ठरवायचे, कोणते कोणत्या गाडीत हे नंतर पाहायचे. उरतात ६, ५, ४, १. मग ६ आणि ५ च्या जागी १ आला की उरतात ४, १, १. त्यानंतर ३ आणि १, आणि शेवटी २. फरक निम्म्यावर आला. (आठ आणि सात एकत्र ठेवले तर फरक शून्य होतो, हे वाचकाच्या लक्षात आलेच असेल. रीत जवळपास अचूक आहे, पूर्ण अचूक नाही.) निर्णय लांबणीवर टाकून फक्त फरक सांभाळायचा, ही युक्ती वरवर क्षुल्लक दिसते, पण संख्या पुष्कळ असतील तर ती आश्चर्यकारकरीत्या चांगली उत्तरे देते.

दुसरे काम ठरावीक मापाच्या पेट्यांत वस्तू भरण्याविषयीचे होते. कमीत कमी किती पेट्या लागतील याचे उत्तर देणारी त्यांची रीत इष्टतम संख्येच्या इतकी जवळ पोहोचत होती, की तिची सैद्धांतिक सीमा ओलांडण्यास २०१३ साल उजाडावे लागले. या कामात त्यांना रेषीय प्रोग्रॅमिंगचा एक प्रचंड प्रश्न सोडवावा लागला आणि त्यासाठी त्या वेळी उपलब्ध असलेली सर्वांत नवी सैद्धांतिक रीत वापरावी लागली. तिचा मंदपणा त्यांनी जवळून पाहिला असणार. पुढच्या शोधाची पार्श्वभूमी येथे शोधावी असे वाटते.

रेषीय प्रोग्रॅमिंगचा प्रश्न

प्रश्नाचे स्वरूप विदर्भातील उदाहरणाने सांगता येईल. वर्धा आणि कन्हान खोऱ्यांतील अनेक खाणींतून कोळसा निघतो. तो कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर अशा औष्णिक वीज केंद्रांकडे पाठवायचा असतो. प्रत्येक खाणीच्या उत्पादनाला मर्यादा आहे, प्रत्येक केंद्राची किमान गरज ठरलेली आहे आणि प्रत्येक मार्गाचा टनामागे वाहतूक खर्च वेगळा आहे. एकूण खर्च किमान राहील अशा रीतीने कोणत्या खाणीतून कोणत्या केंद्राकडे किती टन कोळसा पाठवावा? येथे सर्व अटी आणि खर्च पहिल्या घाताच्या समीकरणांत व असमानतांत मांडता येतात, म्हणून या प्रश्नाला रेषीय म्हणतात.

सोव्हिएत संघात कांतोरोविच यांनी १९३९ मध्ये अशा प्रश्नांची मांडणी केली होती. ती पश्चिमेत कळण्यास बराच काळ गेला. अमेरिकेच्या हवाई दलात नियोजनाचे काम करणाऱ्या जॉर्ज डँझिग यांनी १९४७ मध्ये स्वतंत्रपणे 'सिम्प्लेक्स' पद्धत शोधली. भूमितीच्या भाषेत, सर्व अटी पाळणारी उत्तरे मिळून अनेक पैलूंचा एक घनाकार तयार होतो आणि सर्वोत्तम उत्तर त्याच्या एखाद्या कोपऱ्यावर असते. सिम्प्लेक्स पद्धत एका कोपऱ्यावरून कडेकडेने शेजारच्या अधिक चांगल्या कोपऱ्यावर जाते आणि याहून चांगला शेजारी उरला नाही की थांबते. तिची पहिली मोठी चाचणी आहाराच्या एका प्रश्नावर झाली. ७७ खाद्यपदार्थांतून ९ पोषक घटक किमान खर्चात मिळवायचे होते. हाताने चालवायच्या गणकयंत्रांवर हे काम करण्यास सुमारे १२० मनुष्यदिवस लागले. आज हेच गणित संगणकावर क्षणार्धात होते.

व्यवहारात सिम्प्लेक्स पद्धत उत्तम चालत होती. कापड गिरण्यांपासून तेलशुद्धीकरण कारखान्यांपर्यंत सर्वत्र ती रुजली. तरीही १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी तिला अडवणारी उदाहरणे तयार केली. त्यांच्या घनाकारांत ही पद्धत प्रत्येक कोपऱ्याला भेट देते. चलांची संख्या ५० असेल तर कोपरे २ च्या ५० व्या घाताइतके, म्हणजे सुमारे ११ कोटी कोटी होतात. सेकंदाला दहा लाख कोपरे ओलांडले तरी ३५ वर्षे लागतील. प्रत्यक्ष व्यवहारात असे प्रश्न क्वचितच येतात. पण अल्गोरिदमाच्या अभ्यासकाला सर्वांत वाईट स्थितीची हमी हवी असते, आणि ती येथे मिळत नव्हती.

१९७९ मध्ये लिओनिद खाचियान या सोव्हिएत गणितज्ञाने ती हमी दिली. त्याच्या लंबगोलाच्या रीतीत प्रश्नाचा आकार वाढला तर वेळ एका ठरावीक घाताच्या प्रमाणात वाढतो, त्याचा स्फोट होत नाही. सैद्धांतिक प्रश्न सुटला. गंमत अशी, की कागदावर मंद असलेली सिम्प्लेक्स पद्धत संगणकावर वेगवान ठरत होती आणि कागदावर वेगवान असलेली खाचियानची रीत संगणकावर रेंगाळत होती. ही विसंगती पुढे पाच वर्षे टिकली.

१९८४

पीएच.डी.नंतर करमरकर न्यू जर्सीतील मरे हिल येथे एटी अँड टी कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. ३० एप्रिल १९८४ रोजी वॉशिंग्टन येथे सुरू झालेल्या संगणनाच्या सिद्धांतावरील वार्षिक परिषदेत त्यांनी आपली नवी रीत मांडली आणि त्याच वर्षी 'कॉम्बिनेटोरिका' या नियतकालिकात ती पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाली.

तिची मूळ कल्पना अशी. घनाकाराच्या कडेकडेने जाण्याऐवजी आतूनच का जाऊ नये? अडचण ही, की आपण एखाद्या भिंतीच्या अगदी जवळ उभे असलो तर योग्य दिशेने टाकलेले पाऊलही लगेच भिंतीवर आदळते. घनाकाराच्या मध्यभागी उभे असलो तर मात्र कोणत्याही दिशेने मोठे पाऊल टाकता येते. करमरकरांनी येथे प्रक्षेपीय भूमितीचा आधार घेतला. प्रत्येक टप्प्यावर संपूर्ण घनाकाराचे असे रूपांतर करायचे की आपण जिथे उभे आहोत तो बिंदू मध्यभागी येईल. तेथे आत मावणारा एक गोल कल्पायचा आणि खर्च ज्या दिशेने सर्वाधिक घटतो त्या दिशेने त्या गोलाच्या मर्यादेत पाऊल टाकायचे. मग रूपांतर उलटवून मूळ आकारात परत यायचे आणि पुन्हा तेच करायचे. आकाशाचा सपाट नकाशा काढणाऱ्याने दर वेळी आपले गाव मध्यभागी येईल असा नवा नकाशा काढावा, तसे हे आहे.

प्रत्येक पावलाने खरोखर प्रगती होते, हे सिद्ध करणे हे खरे कौशल्याचे काम होते. खर्च दर पावलाला किती घटेल याची हमी देता येत नाही. म्हणून करमरकरांनी खर्च आणि भिंतींपासूनचे अंतर या दोहोंना एकत्र गुंफणारे एक फलन योजले, आणि त्याचे मूल्य दर पावलाला किमान एका ठरावीक राशीने कमी होते हे दाखवले. चलांची संख्या 'न' धरल्यास खाचियानच्या रीतीतील अंकगणिती क्रियांची सीमा 'न'च्या सहाव्या घातानुसार वाढत होती. करमरकरांच्या रीतीत ती साडेतीनाव्या घातावर आली. अडीच घातांचा हा फरक किरकोळ नव्हे. शंभर चलांच्या प्रश्नात तो एक लाख पटींचा होतो.

१९ नोव्हेंबर १९८४ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर या शोधाची बातमी दिली. त्या वेळी करमरकर अठ्ठावीस वर्षांचे होते. विमान कंपन्यांची वेळापत्रके, दूरध्वनीच्या तारांचे जाळे, तेलाची वाहतूक अशा सर्वच क्षेत्रांत क्रांती होईल, असा एकूण सूर होता. सिम्प्लेक्सपेक्षा पन्नास पट वेग हा आकडा तेव्हा सर्वतोमुखी झाला. भारतात या बातमीचे स्वागत अर्थातच अभिमानाने झाले.

'करून दाखवा'

विज्ञानात दाव्याची किंमत तो इतरांना पडताळता येण्यावर ठरते. इतर संशोधकांनी प्रसिद्ध निबंधावरून प्रोग्रॅम लिहिले, तेव्हा अनेकांना पन्नास पट वेग दिसला नाही. निबंधातील रीत आणि बेल प्रयोगशाळेत प्रत्यक्ष चालणारी रीत यांत काही बारकाव्यांचा फरक असावा असा तर्क होता. हे बारकावे कंपनीच्या धोरणामुळे गुप्त होते. शास्त्रीय परिषदेत दावा करायचा आणि तपशील मागितला की व्यापारी गुपिताकडे बोट दाखवायचे, याविषयी गणितज्ञांत तीव्र नाराजी पसरली. या नाराजीत तथ्य होते, असेच म्हणावे लागेल. परंतु तिचा रोख तरुण संशोधकावर जेवढा राहिला तेवढा कंपनीवर राहिला नाही, हेही नोंदवले पाहिजे. करमरकरांनी स्वतः बर्कलेतील सहकाऱ्यांसह १९८९ मध्ये आपल्या रीतीच्या एका रूपाच्या संगणकीय चाचण्या सविस्तर प्रसिद्ध केल्या.

दरम्यान दुसरा आक्षेप आला, आणि तो अधिक खोलवर जाणारा होता. १९८६ मध्ये गिल, मरे, साँडर्स, टॉमलिन आणि राइट या पाच अभ्यासकांनी असे दाखवले, की करमरकरांची प्रक्षेपीय रीत आणि जुनी लॉगॅरिदमी अडथळ्याची रीत या विशिष्ट अर्थाने एकच आहेत. अडथळ्याची कल्पना फ्रिश यांनी १९५५ च्या सुमारास मांडली होती आणि फियाको व मॅककॉर्मिक यांनी १९६८ च्या ग्रंथात ती सविस्तर विकसित केली होती. पुढे आणखी एक गोष्ट उजेडात आली. करमरकरांच्या रीतीतून प्रक्षेपीय रूपांतर काढून टाकून तिचे सोपे रूप १९८६ मध्ये अनेकांनी मांडले होते. तेच रूप इर्कुत्स्कच्या दिकिन या गणितज्ञाने १९६७ मध्येच एका छोट्या टिपणात प्रसिद्ध केले होते. पश्चिमेत ते कोणी वाचलेच नव्हते.

मग करमरकरांचे श्रेय कमी होते का? प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. फ्रिश, फियाको, मॅककॉर्मिक किंवा दिकिन यांपैकी कोणीही आपल्या रीतीला किती पावले लागतील याची हमी दिली नव्हती. आतून जाता येते हे ठाऊक होते. आतून जाणे सर्वांत वाईट स्थितीतही कार्यक्षम असते आणि तेच व्यवहारात सिम्प्लेक्सशी स्पर्धा करू शकते, हे १९८४ पूर्वी कोणी म्हटले नव्हते. शिवाय जुन्या रीती अडगळीत पडल्या होत्या. त्यांना पुन्हा उजेडात आणणाऱ्यालाही काही श्रेय द्यावेच लागते. मात्र 'शून्यातून निर्माण केलेला शोध' हे आपल्याकडील लोकप्रिय वर्णन टिकणारे नाही, हेही तितकेच खरे.

स्वामित्वाचा प्रश्न

अमेरिकी कायद्याप्रमाणे शोध जाहीर झाल्यापासून एक वर्षाच्या आत एकस्वासाठी, म्हणजे पेटंटसाठी, अर्ज करता येतो. एटी अँड टी कंपनीचा अर्ज १९ एप्रिल १९८५ रोजी दाखल झाला. परिषदेला वर्ष पुरे होण्यास अकरा दिवस उरले होते. १० मे १९८८ रोजी ४७,४४,०२८ या क्रमांकाचे पेटंट मंजूर झाले. त्याचे शीर्षक 'कार्यक्षम संसाधन वाटपाच्या पद्धती व उपकरणे' अशा अर्थाचे आहे. त्यात 'अल्गोरिदमावर आमचा हक्क' असे थेट म्हटलेले नाही, कारण तसे म्हणता येत नव्हते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये संख्यारूपांतराच्या एका रीतीला पेटंट नाकारले होते. पण १९८१ मध्ये त्याच न्यायालयाने गणिती सूत्राचा उपयोग करणाऱ्या रबर प्रक्रियेला पेटंट मान्य केले आणि दार किलकिले झाले. म्हणून या पेटंटमधील दावे दूरसंचार सुविधांच्या वाटपासारख्या व्यावहारिक कामाच्या पोशाखात आले. पोशाखाच्या आत गणितच होते, हे कोणत्याही गणितज्ञाला दिसत होते.

जपानमध्ये हिरोशी कोन्नो या गणितज्ञाने या पेटंटला उघड विरोध केला, न्यायालयात दाद मागितली आणि १९९५ मध्ये याच विषयावर एक पुस्तक लिहिले. गणिताचा शोध खाजगी मालमत्ता होऊ लागला तर उद्या प्रमेय वापरण्यासाठीही शुल्क द्यावे लागेल, ही त्यांच्यासारख्यांची भीती होती.

कंपनीचा हिशोब वेगळा होता. तिने या रीतीसाठी खास आज्ञावली आणि समांतर प्रक्रिया करणारा संगणक मिळून 'कॉर्बेक्स' नावाची यंत्रणा बाजारात आणली. तिची किंमत होती ८९ लाख डॉलर. अमेरिकी संरक्षण खाते हा पहिला ग्राहक. त्यानंतर ग्राहक मोजकेच मिळाले. येथे एक उपरोधाची गोष्ट घडली. या यंत्रणेत प्रामुख्याने १९८४ ची मूळ प्रक्षेपीय रीत वापरलेली नव्हती. तिच्यापासून निघालेल्या सोप्या आणि वेगवान रीती त्यात होत्या. म्हणजे पेटंटने ज्याला कुंपण घातले ते मागे पडत होते आणि कुंपणाबाहेर इतर लोक त्याहून पुढे जात होते. अमेरिकी विद्यापीठांत लिहिलेले 'ओबी-१' सारखे प्रोग्रॅम सामान्य संगणकावर चालत आणि पुष्कळ प्रश्नांत उत्तम वेग देत. १९९२ मध्ये संजय मेहरोत्रा यांनी मांडलेली सुधारणा आज बहुतेक व्यावसायिक आज्ञावलींचा पाया आहे. स्पर्धेमुळे सिम्प्लेक्सचे पाठीराखेही कामाला लागले. या काळात तीही अनेक पटींनी वेगवान झाली, ही करमरकरांची अप्रत्यक्ष देणगीच म्हणावी लागेल. 'कॉर्बेक्स' काही वर्षांत विस्मृतीत गेली. पेटंटची मुदतही केव्हाच संपली.

भारतात परत

करमरकरांना १९८४ चे लँचेस्टर पारितोषिक, १९८८ चे फुलकरसन पारितोषिक आणि २००० मध्ये संगणकशास्त्रातील पॅरिस कानेलाकिस पुरस्कार मिळाला. शेवटचा पुरस्कार व्यवहारावर ठळक परिणाम करणाऱ्या सैद्धांतिक कामासाठी असतो, आणि येथे तो अगदी योग्य ठिकाणी गेला.

नव्वदीच्या दशकात त्यांचे लक्ष यंत्राकडे वळले होते. आतून जाणाऱ्या रीतीत प्रत्येक पावलाला मोठी समीकरण-प्रणाली सोडवावी लागते. ते काम अनेक प्रोसेसरांत वाटायचे तर कोणता प्रोसेसर कोणत्या स्मृतीशी जोडावा? १९९१ मध्ये त्यांनी सांत प्रक्षेपीय भूमितीतील बिंदू आणि रेषा यांच्या संबंधावर आधारलेली संगणकरचना सुचवली. कोणत्याही दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, या गुणामुळे कामाची वाटणी समतोल होते, अशी ती कल्पना. अल्गोरिदमात ज्या भूमितीने त्यांना वाट दाखवली तिचाच त्यांनी येथे वेगळ्या रूपात आश्रय घेतला. पुढे काही वर्षे ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते. २००६-०७ च्या सुमारास ते टाटा समूहाच्या अध्यक्षांचे वैज्ञानिक सल्लागार होते आणि पुण्यातील महासंगणक प्रकल्पाशी त्यांचे नाव जोडले गेले. या प्रकल्पातून उभा राहिलेला 'एका' नोव्हेंबर २००७ मध्ये जगातील ५०० वेगवान संगणकांच्या यादीत चौथ्या आणि आशियात पहिल्या क्रमांकावर होता. त्यात बाजारात मिळणारे सर्व्हर वापरले होते. करमरकरांच्या मूळ कल्पनेतील यंत्र मात्र त्या प्रमाणावर कधी घडले नाही. भारतात मूलभूत संशोधन आणि उद्योग यांच्यामध्ये ज्या दरीविषयी आपण परिसंवादांतून बोलतो, तिचे हे एक उदाहरण आहे. ते घडवून आणण्यास धीर आणि पैसा या दोहोंची गरज होती. आपल्याकडे दोन्ही एकाच वेळी क्वचितच असतात.

अल्गोरिदमाचे पुढचे आयुष्य मात्र थांबले नाही. नेस्तेरोव आणि नेमिरोव्हस्की यांनी १९९४ च्या ग्रंथात आतून जाण्याच्या रीतीचा विस्तार रेषीय प्रश्नांपलीकडे केला. २०२२ मध्ये सहा संशोधकांनी जाळ्यातील महत्तम प्रवाहाचा अनेक दशकांचा जुना प्रश्न जवळजवळ रेषीय वेळेत सोडवला. त्यांच्या रीतीतही प्रत्येक पावलाला एक फलन ठरावीक राशीने कमी होते आणि त्यावरून पावलांची संख्या मोजली जाते. करमरकरांनी हीच युक्ती ३८ वर्षांपूर्वी वापरली होती.

आपल्या विद्यापीठांच्या क्रियात्मक संशोधनाच्या अभ्यासक्रमांत आजही सिम्प्लेक्सचे तक्तेच सोडवून घेतले जातात. करमरकरांची पद्धत असलीच तर पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात असते आणि 'परीक्षेसाठी नाही' म्हणून वगळली जाते. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. तीन चलांचा सिम्प्लेक्स तक्ता उत्तरपत्रिकेत अर्ध्या पानात मावतो, करमरकरांचे एक पाऊल हाताने टाकायचे तर दोन पाने लागतात. परीक्षेच्या सोयीने विषयाचा इतिहास कसा ठरतो, याचे हे उदाहरण प्रस्तुत लेखकाने अनेक वर्षे वर्गात अनुभवले आहे.

नागपूर आणि कलम ३(के)

या इतिहासाचा एक धागा नागपूरपर्यंत येतो. सिव्हिल लाईन्स भागात राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. देशभरातील पेटंट परीक्षकांना येथे प्रशिक्षण दिले जाते. जगभरच्या पेटंट दस्तऐवजांचा संग्रह करणारी केंद्र शासनाची पेटंट माहिती प्रणालीही नागपुरातच उभारली गेली. या परीक्षकांना शिकवल्या जाणाऱ्या कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने कलम ३(के) आले आणि मे २००३ पासून ते अमलात आले. गणिती पद्धती, व्यवसायपद्धती, केवळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम हे शोध मानले जाणार नाहीत, असे हे कलम सांगते. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने संगणक प्रोग्रॅमबाबतची अट सैल करण्याचा प्रयत्न झाला होता. २००५ मध्ये संसदेने कायदा संमत करताना तो बदल वगळला आणि जुनेच शब्द कायम ठेवले.

त्यानंतरची कसोटी 'केवळ' या शब्दावर आली. फेरिद अल्लानी प्रकरणात २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले, की प्रोग्रॅममुळे काही तांत्रिक परिणाम होत असेल तर तो केवळ प्रोग्रॅम राहत नाही. अल्गोरिदमापुढे मात्र कलमात 'केवळ' हा शब्द नाही. ४७,४४,०२८ क्रमांकाचा दस्तऐवज आज कोणालाही विनामूल्य वाचता येतो. त्यातील पहिला दावा भारतीय परीक्षकापुढे आला तर तो त्याला दूरसंचार वाटपाची पद्धत मानेल की गणित, हा प्रश्न नागपूरच्या त्या वर्गखोल्यांत चर्चेला घेण्याजोगा आहे.